पायाला मुंग्या येतात म्हणालास, म्हणून लिहितोय

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. बेळगावात हिंडलग्याहून उद्यमबागच्या कारखान्यात सेकंड आणि थर्ड (रात्रीची) शिफ्ट, जेवून दोन तास झाले की पोटात परत खड्डा, रात्री तीनला हात थरथरतात, दिवसाला सात-आठ चहा, आणि सुट्टी असली की ताटावरनं उठवत नाही. मित्र म्हणतोय वजन उतरवून देणाऱ्या केंद्रात नाव घाल. आणि अगदी शेवटी एक ओळ, जाता जाता लिहिल्यासारखी: "उभं राहून राहून पायाला मुंग्या येतात." बाकीच्यांनी वरच्या भागाची उत्तरं दिलीच आहेत. मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय.

मी येळ्ळूरचा, वय ४६, एकवीस वर्षं सीएनसीवर, म्हणजे आकडे भरून चालवायच्या कातकामाच्या मशीनवर. माळकरी आहे, तेव्हा अंडी-मटण नाही. पाणी पी, भाज्या खा, तळलेलं कमी कर हे तुला सगळेच सांगतील, ते मी परत लिहीत नाही.

तुझ्यासारखंच माझं सगळं होतं. सहा वर्षांपूर्वी मी अशाच एका केंद्रात नाव घातलं. महिन्याला ३,२०० रुपये, सात महिने. हिशेब तूच कर. तिथं सकाळी कसलीशी पावडर, दुपारी फळांचा रस आणि उकडलेली भाजी, रात्री परत पावडर. भाकरी बंद, भात बंद. आणि "दुधानं कफ होतो" म्हणून दूध, दही, ताक सगळं बंद. पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरले. गल्लीत लोक विचारायला लागले, मलाही बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यापासून चक्कर. विचारलं तर म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, सोसा. पाचव्या महिन्यात तळपायाला मुंग्या. विचारलं तर म्हणाले, मशीनपुढं उभं राहता, मोजे बदला. मी मोजे बदलले! सात महिन्यांत एकानंही 'रक्त तपासून घ्या' म्हटलं नाही. हे लिहितानाही मला राग येतो.

मग एका थर्ड शिफ्टला व्हायचं ते झालं. पावणेतीनची वेळ. एका लोखंडी भागाचं (आम्ही त्याला जॉब म्हणतो) कातकाम चालू होतं, माप जरा मोठं येत होतं. टूल किती आत जायचं त्या आकड्यात ०.२ कमी करायचे होते. बोटं थरथरत होती, डोळ्यांपुढं आकडे हलत होते. मी २.० टाकले आणि स्टार्ट दाबलं. टूल जॉबमध्ये घुसलं, टूलच्या टोकाचे तुकडे दाराच्या काचेवर आले, जॉब पकडीतनं निसटून आत आपटला. दार बंद होतं म्हणून मी आज हे लिहितोय. सुपरवायझर आरडाओरडा करायचा सोडून माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, तू काय खातोस की नाही? तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो. बी-१२ जीवनसत्त्व आलं ११८. खालची हद्द २०० च्या आसपास असते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: बी-१२ धान्यात नसतं, डाळीत नसतं, पालेभाजीतही नसतं. ते मांस-मासे, अंडी आणि दुधात. बारा वर्षं माळकरी, म्हणजे माझा साठा आधीच पातळ झालेला. जो काही पुरवठा येत होता तो दही-ताकातनं, आणि तोच मी पैसे मोजून बंद केला होता. बी-१२ कमी पडलं की दमणूक येते, चक्कर येते, आणि नसांना इजा होते. मुंग्या त्याच्याच. लवकर उपचार झाले तर नसा सावरतात, उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. मला इंजेक्शनं दिली, आधी एकाआड एक दिवस, मग आठवड्याला, मग महिन्याला. अंगातला जोर दोन महिन्यांत परत आला. पण डाव्या पायाची दोन बोटं आजही बधिर आहेत. शेतात अनवाणी गेलो आणि काटा मोडला तर घरी येऊन रक्त दिसल्यावर कळतं.

माझं २२,४०० रुपयांचं दुःख कधीच गेलं. त्या दोन बोटांचं जात नाही. रिपोर्टचा फोटो मी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, पाच मिनिटांत मला ग्रुपमधनं काढलं. सगळी केंद्रं अशीच असतात असं मी म्हणत नाही, कुणाला फायदाही झाला असेल. पण जो माणूस रक्त न तपासता, तू काय खातोस हे न विचारता छापील तक्ता हातात देतो, त्याच्याकडं जाऊ नको. हे माझं ठाम मत आहे.

तेव्हा पहिलं काम रक्ततपासणी: बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी. शेवटची ५.७ ते ६.४ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर आली तर डॉक्टर पुढचं बघतील. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर आधी तिथं जा, नाहीतर सिव्हिलला. मी डॉक्टर नाही, मशीनवरचा माणूस आहे. तू साखरेच्या गोळ्या घेत असशील तर खालचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नको, विशेषतः जेवणाच्या वेळा बदलू नको.

आता भुकेचं. रिपोर्ट आल्यावर मी तक्ते सोडले आणि खिशात एक छोटी वही ठेवली. मशीनचं लॉगबुक लिहितो तसंच: किती वाजता, काय खाल्लं, परत भूक कधी लागली, आणि अंगात जोर किती, शून्य ते पाच. तीन आठवडे लिहिलं. त्यातनं जे निघालं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

चिरमुऱ्याचा चिवडा आणि चहा: सव्वा तास. दोन वडापाव: दोन तास, वर जळजळ. नुसते पोहे: दोन तास. त्याच पोह्यात मूठभर शेंगदाणे आणि बाजूला वाटीभर दही: साडेतीन तास. ताटभर भात आणि पातळ आमटी: अडीच तास, आणि पहिला तास डोळे मिटतात. जोंधळ्याच्या दोन भाकरी, घट्ट मसुराची उसळ, कांदा आणि ताक: पाच तास. थर्ड शिफ्टला पाच तास म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

असं का, हे मला नंतर कळलं. प्रथिनं आणि चोथा (फायबर) असला की पोट हळू रिकामं होतं. शंभर ग्रॅम जोंधळ्यात साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा, पॉलिशच्या तांदळात प्रथिनं ८ च्या आसपास पण चोथा तीनही नाही. कोरड्या मसुरात शंभराला २४ च्या आसपास प्रथिनं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबानं किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे माझ्या ७२ किलोला दिवसाला ६०. वही बघून बेरीज केली तर मी ३५-४० मध्येच अडकलेला. त्यात भाकरी चावावी लागते. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि भात तोवर दोनदा वाढून घेतलेला असतो.

पण हे माझं झालं. आमच्या मंडळींनी तीच वही चार दिवस लिहिली, तर तिला भाकरीनं पोट जड होतं आणि थोडा भात, भरपूर उसळ यावर ती दिवसभर फिरते. म्हणून सांगतो, माझं ताट स्वतःवर लादून घेऊ नको. वही मात्र लिही. भात सोड असं मी येळ्ळूरचा माणूस कुणालाच सांगणार नाही, घरचा बासमती आहे. मी फक्त क्रम बदलला. आधी उसळ-भाजी, मग भाकरी, शेवटी वाटीभर भात.

चहाचं गणित माझ्या डोळ्यांत भरलं. कपात दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम. सात कप म्हणजे ७०. जागतिक आरोग्य संघटना २५ च्या आत ठेवलं तर उत्तम म्हणते, आणि ५० च्या वर जाऊ नका म्हणते. शिवाय चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तास लागतात. पहाटे चारचा चहा सकाळची झोप खातो, आणि झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं उतरतं. मग संध्याकाळी उठल्यावर जे दिसेल ते तोंडात. आता माझा थर्डचा शेवटचा चहा दीड वाजता. जेवणाबरोबर तर चहा नाहीच, त्यानं जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं.

थर्डला मी साडेआठला घरी पोटभर जेवून निघतो, एक वाजता भाकरी-उसळीचा छोटा डबा, साडेतीनला भाजलेले शेंगदाणे एक मूठ आणि ताक. मूठ म्हणजे मूठच, डबा उघडा ठेवलास तर पावशेर जातात. सेकंडला चूक वेगळी होते. घरी पावणेअकराला येऊन ताटभर जेवायचं आणि तसंच झोपायचं. त्यापेक्षा आठच्या सुट्टीत कंपनीतच जेव आणि घरी आल्यावर कपभर दूध घे. पहिले चार दिवस आई म्हणेल, "एवढंच जेवूलास?" तिला आधीच सांगून ठेव.

आणखी एक, विषय सोडून. शेंगदाणे खायच्या आधी हात साबणानं धू. चिंध्यांनी नुसत्या पुसलेल्या हाताला कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवायचं द्रव, तसंच राहतं. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराचं पोट महिनाभर बिघडलं होतं, हात साबणानं धुवायला लागल्यावर थांबलं. कारण तेच होतं का, शपथेवर सांगणार नाही, पण धू.

उपास करत असशील तर साबुदाणा बघून खा. त्यात पिठूळपणा सोडला तर प्रथिनं नावालाही नाहीत. एकादशीला खिचडी खाऊन मी दुपारी बारालाच गळून जायचो. आता उकडलेली रताळी, शेंगदाणे आणि दूध. रताळी आपल्याकडं शिवारातच पिकतात, पावसाळ्यानंतर तर एपीएमसीत पोत्यांनी असतात. उपास मोडत नाही आणि संध्याकाळचा हरिपाठ उभ्यानं होतो.

हे सगळं एकदम धरू नको. या आठवड्यात फक्त रक्त तपास आणि वही लिही, खाणं आहे तसंच ठेव, म्हणजे खरं काय चाललंय ते वहीत येईल. केंद्राचे पैसे अजून भरले नसशील तर थांब.

तू अंडी-मटण खातोस की नाही, ते पोस्टमध्ये नाही. मुंग्या दोन्ही पायांना आहेत की एकाच, आणि किती दिवसांपासून, तेवढं आज रात्री शिफ्टला जायच्या आधी लिही. मी दहापर्यंत जागा आहे.