गाडी तापते म्हणजे नेमकं काय होतं?

मे महिना लागला की आमच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून येतं : ‘गाडी फार तापते.’ या वेळी एका पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण त्याचं उत्तर त्या पत्रातच दडलेलं आहे. बाकीच्यांनी थोडक्यात भागवून घ्यावं.

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझी १०० सीसीची गाडी आहे, २०१२ची. बाळापूर तालुक्यातून रोज पहाटे साडेपाचला दुधाच्या दोन कॅन घेऊन अकोल्याला येतो. अंतर ३० किलोमीटर. महिनाभरापासून गाडी भयंकर तापते. पंधरा-वीस किलोमीटर झाले की ओढ कमी होते, चढावर खडखड वाजते, पाय भाजतात. इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडतो. अकरा वाजता रिकाम्या कॅन घेऊन परत जाताना मात्र एवढा त्रास नाही. मागच्या महिन्यातच सर्व्हिसिंग केलं, ॲव्हरेजही वाढवून घेतलं, ६०चं ६८ झालं. आता दुसरा मिस्त्री म्हणतो बोर-पिस्टन (सिलिंडर घासून नवा पिस्टन) करावं लागेल, सहा हजार रुपये. करू का?

उत्तर : भाऊ, आधी ते सहा हजार खिशात ठेवा.

पाण्याच्या थेंबाचं सोडून द्या. हवेवर थंड होणाऱ्या धडधाकट इंजिनाचं हेडसुद्धा (सिलिंडरवरचं झाकण) चालताना दीडशे अंशांच्या पुढे जातं. पाणी १००ला उकळतं, तेव्हा चर्र होणारच. माझ्या गाडीवरही होतं. त्यावरून आजार कळत नाही.

उन्हालाही दोष देऊ नका. समजा हेड १८० अंशांवर आहे. थंडीत हवा १५ अंश असेल तर फरक १६५चा, उन्हाळ्यात हवा ४५ असेल तर १३५चा. म्हणजे हवा गारवा देते तो पाचव्या हिश्श्याने कमी, इतकंच. एवढ्याने निरोगी गाडी रस्त्यात बसत नाही. ऊन आजार देत नाही, लपलेला आजार बाहेर काढतं. आणि तुमची गाडी तर पहाटे साडेपाचला तापते, जेव्हा सूर्य अजून डोळे चोळत असतो. भर उन्हात रिकामी जाते तेव्हा बरी असते. मग ऊन कुठून आलं? ही भानगड वजनाची आहे, म्हणजे इंजिन जोर लावतं तेव्हाची.

आता तुमचंच वाक्य परत वाचा : ‘ॲव्हरेजही वाढवून घेतलं.’ आणि तापणं कधीपासून? महिनाभरापासून.

ॲव्हरेज हे गिऱ्हाईकाचं वेड आहे आणि मिस्त्रीचा धंदा. त्यात खोटं काही नसतं, पेट्रोल कमी जातं म्हणून ॲव्हरेज वाढतंच. पण पेट्रोल कमी नि हवा जास्त झाली की जाळ सावकाश जळतो, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहतो. शिवाय आत येणाऱ्या पेट्रोलची वाफ होताना जो थोडा गारवा मिळतो, तोही कमी होतो. सपाट रस्त्यावर एकटा माणूस असेल तर चालून जातं. मागे ४० लिटर दूध असलं की नाही चालत. चढावरची खडखड ही त्याचीच, गाडी ‘नॉक’ करते म्हणतो आम्ही. बाहेरचा हवेचा स्क्रू फिरवून एवढं होत नाही, तो मुख्यतः स्लो रेसवर, म्हणजे गाडी उभी असतानाच्या मंद चालीवर, काम करतो. तुमच्या कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल नि हवा मिसळतात तिथे) पेट्रोल मापणाऱ्या सुईची क्लिप वरच्या खाचेत घातली असणार, म्हणजे सुई खाली बसून पेट्रोल कमी जातं; नाहीतर लहान नंबराचा जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बसवला असणार.

माझ्या शब्दावर जाऊ नका, फुकटात तपासा. उद्या पहाटे कॅन लादून निघा. ओढ कमी झाली की चालत्या गाडीत चोक अर्धा ओढा. चोक ओढल्याने पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडीने जीव धरला, खडखड थांबली, तर रोग सापडला. उलट ती आणखी गुदमरली, तर माझा अंदाज चुकला आणि पुढचं वाचा.

दुसरा साक्षीदार प्लग. पण घरासमोर पाच मिनिटं उभी चालवून प्लग काढाल तर तो काळाच निघेल. जोरात चालत असताना क्लच दाबून तिथेच चावी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन हात लावण्याजोगं झालं की प्लग खोला. टोकावरचं चिनी मातीचं नाक फिक्कट चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. खडूसारखं पांढरं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काजळी असेल तर उलटं. ओलसर तेलकट असेल आणि मागून निळा धूर येत असेल, तरच बोर-पिस्टनच्या गोष्टी करा. तेव्हाही आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायला लावा.

जेट-सुई ठीक निघाली तरी प्लग पांढराच, असं झालं तर कार्बोरेटर नि हेडच्या मधलं रबर बघा. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत त्याला चिरा जातात आणि चोरवाटेने हवा आत घुसते. गाडी स्लो चालू ठेवून मिस्त्रीला तिथे कार्ब-क्लीनरचा छोटा फवारा मारायला सांगा. रेस बदलली तर हवा तिथूनच जाते. हे थंड इंजिनावर करायचं, आणि बिडी लांब.

आता माझी एक फजिती सांगतो. धंद्यात नवा होतो. पातूरच्या एका शाळामास्तरांची गाडी अशीच तापायची. मी छाती पुढे काढून बोर करून दिला, नवा पिस्टन टाकला. चौथ्या दिवशी मास्तर हजर. ‘अहो, तशीच तापते.’ मेन स्टँडवर लावली, न्यूट्रल केली, मागचं चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. मागचा ब्रेक घासत होता. गाडी रोज ब्रेक दाबूनच पातूरहून येत होती आणि मी इंजिन फाडून बसलो होतो. मजुरी परत केली, पिस्टनचे पैसे मास्तरांनी मोठ्या मनाने सोडले. तेव्हापासून माझ्याकडे तापणारी गाडी आली की पोरगा पाना उचलण्याआधी चाक फिरवतो.

तुम्हीही फिरवा. साखळी फार ताणली नाही ना तेही बोटाने दाबून बघा, मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर तरी हलली पाहिजे. क्लचच्या लिव्हरला थोडा मोकळेपणा हवा, नाहीतर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. ऑइल बघा. त्या मापाच्या इंजिनात जेमतेम लिटरभर मावतं, त्यातलं पाव लिटर उडालं तरी फरक पडतो. आणि कुणाच्या कारमधलं उरलेलं ऑइल घालू नका. त्यातल्या घसरड्या औषधाने आपला ऑइलमध्ये बुडालेला क्लच सटकतो. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, अशा बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीचं, जरा जास्त सांगतो, कारण यात गिऱ्हाईकच मिस्त्रीला बिघडवतं. ‘टिकटिक बंद करून द्या’ म्हणतात. मिस्त्री टॅपेट आवळतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. पण व्हॉल्व्ह तापून लांबतो, टॅपेटला फट नसली की तो पुरता बसत नाही, नि जळता धूर त्याच्या कडेवरून जात राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असाच जळतो. वाजणारं टॅपेट परवडलं, मुकं नाही. मागच्या सर्व्हिसिंगला त्यालाही हात लावला होता का ते विचारा, आणि फट थंड इंजिनावरच, फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) लावून, मोजायला सांगा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत अजून एक दिसलं. लेगगार्डला रेक्झिनचा पडदा बांधलाय, पावसाळ्यात पायावर चिखल उडू नये म्हणून असेल. मे महिन्यात तो कशाला? इंजिनाच्या पात्यांना वारा लागतो तो तिथूनच. सोडा तो आजच. पात्यांमध्ये वाळलेला चिखल असेल तर जुन्या ब्रशने काढा, थंड असताना.

(हे लिहून झाल्यावर यांचा फोन आला. अर्ध्या चोकवर गाडी चढ चढली, खडखड गेली. क्लिप दोन खाचा वर होती. ॲव्हरेज परत ६१वर आलंय आणि त्याचं त्यांना वाईट वाटतंय.)

प्रश्न : माझी गाडी अर्धा तास चालली की गरम होऊन बंद पडते. वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. – एक वाचक, कारंजा

उत्तर : ताई, ही गाडी तापून बंद पडते असं वाटतं, पण ती उपाशी मरत असेल. बंद पडली की लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. भोक साफ करा, खर्च शून्य. तसं नसेल तर बंद पडल्या पडल्याच मिस्त्रीकडून स्पार्क तपासून घ्या. गरम झाल्यावर स्पार्क जातो नि गार झाल्यावर येतो, ही स्पार्क घडवणाऱ्या पिकअप कॉइल किंवा इग्निशन कॉइलची जुनी खोड. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी गार होते आणि मिस्त्री म्हणतो, ‘चांगली तर आहे!’ म्हणून त्याच्यासमोरच अर्धा तास चालवा.

प्रश्न : पुण्यात ट्रॅफिकमध्ये माझ्या लिक्विड-कूल्ड गाडीचा पंखा सारखा सुरू होतो, गरम हवा मांड्यांवर येते. बिघाड आहे का?

उत्तर : नाही रे बाबा. पंखा सुरू होतो म्हणजे तो जिवंत आहे. तापमानाचा काटा चढतोय आणि पंखा गप्प आहे, तेव्हा घाबर आणि गाडी बंद कर. कूलंटची पातळी बाजूच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मधे ठेव, तीही गार इंजिनावर बघ. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नकोस. आत दाबाखालचं पाणी असतं, ते उसळून तोंडावर येतं. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुनी गाडी जास्त तापते का?

उत्तर : थोडा संबंध आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त पडल्यासारखं होतं. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटरला डोकं नसतं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉक न होऊ देण्याचा गुण, चांगला, तेव्हा खडखड त्याने वाढायची नाही. जेट साफ ठेवा, टाकी-पाइपची रबरं वर्षातून एकदा बघा. आणि आधीच ॲव्हरेजसाठी पेट्रोल तोडलेलं असेल, तर वरच्या दूधवाल्या भाऊंचं उत्तर तुम्हालाही लागू.