जुन्या लाकडावर नवा हात

पाऊस ओसरला, दसरा जवळ आला की जुन्या सामानाबद्दलची पत्रं एकदम वाढतात. त्यांतली काही या अंकात घेतली आहेत.

मोडीत निघालेलं लाकडी कपाट स्वस्तात घेतलं. घासून पांढऱ्या इमल्शनचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी चहा सांडल्यासारखे पिवळट डाग वर आले. तिसरा हात मारला, तरी तेच. रंगच खराब निघाला का? (वाचक, शहापूर, बेळगाव)

रंग चांगलाच आहे. डाग लाकडातून येतोय. शिसव, फणस, ऐन (ज्याला आपल्याकडे मत्तीच म्हणतात) आणि सागवानाचा गाभा यांत टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि इतर रंगद्रव्यं असतात, ती पाण्यात विरघळतात. इमल्शन पाण्यातला रंग. त्यातलं पाणी लाकडात शिरतं, वाळताना ती द्रव्यं घेऊन वर येतं आणि उडून जातं. डाग मागे राहतो. म्हणजे तिसरा हात मारून तुम्ही लाकडाला आणखी पाणीच पाजलंत.

मध्ये पाणी ओलांडू न देणारा थर हवा, आणि त्याला चपडा लाखेसारखं (पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख, शेलॅक) दुसरं काही नाही. 100 ग्रॅम चपडा 500 मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर भिजत घाला, अधूनमधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात करू नका, लाख काळी पडते. हा चपडा तुमच्या पांढऱ्या रंगावरच चालेल, रंग खरवडायला नको. फक्त स्पिरिटने इमल्शन मऊ होतं, म्हणून ब्रश एकदाच ओढायचा, त्याच जागी मागेपुढे घोळवायचा नाही. तासाभराने दुसरा पातळ हात. रात्रभर वाळू द्या, 220 नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा आणि मग रंग.

खडूसारखा मंद रंग हवा असेल तर महागडा डबा आणायची गरज नाही. रंगाच्या दुकानात मिळणारी बारीक खडू पावडर तीन मोठे चमचे घ्या, दोन-तीन चमचे पाण्यात गुठळी न राहता कालवा आणि वाटीभर इमल्शनमध्ये मिसळा. प्लास्टर ऑफ पॅरिसही काही जण घालतात, पण ते डब्यातच घट्ट होतं, म्हणून लागेल तेवढंच कालवावं लागतं. चार-चार तासांच्या अंतराने दोन हात द्या, 320 चा पेपर फिरवा, 24 तासांनी मेण. मेण चुकवू नका. हा रंग सच्छिद्र असतो, हळदीचं एक बोट लागलं तरी कायमचं.

एक मात्र आधी बघा. कपाटाच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी ब्लेडने जरा खरवडा. जांभळट-काळ्या रेघा दिसल्या तर ते शिसव आहे. कन्नड सुतार त्याला बीटे म्हणतात. शिसवावर पांढरा रंग मारणं आम्हाला अजिबात पटत नाही. तसं असेल तर रंग काढायच्या खटपटीला लागा आणि नुसतं मेण लावा.

पोळ्याचं मेण आणि टर्पेंटाइन एकत्र करून चौरंगाला लावलं. आठ दिवस झाले, अजून हाताला चिकटतं, वर धूळ बसते. चमक यावी म्हणून थोडं खोबरेलही घातलं होतं. (वाचक, निपाणी)

खोबरेलानेच घात केला. खोबरेल कधीच वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, खोबरेल तसंच राहतं. सगळं टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा आणि नव्याने सुरुवात करा.

प्रमाण असं: पोळ्याचं मेण 100 ग्रॅम, कार्नौबा मेण (एका ताडाच्या पानांवर मिळणारं कडक मेण) 20 ग्रॅम, टर्पेंटाइन 350 मिली. पोळ्याचं मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, म्हणून वैशाखात ते हाताला मऊ लागतं. कार्नौबा 82 ते 86 अंशांना वितळतं, त्यानेच कडकपणा येतो. पण फार घातलं तर मेण ठिसूळ होतं आणि घासताना हात भरून येतात. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात डबा बसवा. आधी कार्नौबा, ते वितळलं की पोळ्याचं मेण. दोन्ही एकजीव झाले की गॅस बंद करा, डबा अंगणात न्या आणि तिथे टर्पेंटाइन ओता. चुलीजवळ मुळीच नाही. टर्पेंटाइनची वाफ साधारण 35 अंशांपासूनच ठिणगीने पेटते आणि तुमचं मेण त्याच्या दुप्पट तापलेलं असतं. थंड झालं की लोण्यासारखं होईल.

चौरंगाच्या पाटाला सुपारीएवढं मेण पुष्कळ. जुन्या धोतराच्या फडक्याने गोल गोल चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी धुरकट दिसू लागलं की कोऱ्या फडक्याने रेषांच्या दिशेने जोर लावून घासा. चमक घासण्याने येते, जाड थराने येत नाही. जाड थर नुसता चिकटतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. मेण लावलेल्या पाटावर गरम कप ठेवाल तर वळं उमटेल, ते गृहीत धरा. पुढेमागे रंग द्यायचा झाला तर आधी टर्पेंटाइनने मेण पूर्ण धुऊन काढावं लागेल, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जुलैत पलंगाला चपड्याचं पॉलिश केलं, धुकं बसावं तसं पांढुरकं झालं. (वाचक, खानापूर)

खानापूरच्या जुलैत आणखी काय होणार! स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो. हवा आधीच ओलीचिंब, त्यातलं पाणी ओल्या पॉलिशवर टिपून बसतं. दोरीवरचा टॉवेल रात्रभरात वाळत नसेल त्या दिवसांत पॉलिशला हात लावू नये. आता कोरडं ऊन पडू द्या. एखाद्या दिवशी अकरा ते चारच्या दरम्यान कापसाची पोटली करून तिला स्पिरिटचे चार-पाच थेंब द्या आणि क्षणभरही न थांबता पृष्ठभागावरून ओढत जा. धुकं वरवरचं असेल तर निघून जातं. पोटली थांबली तर तिथेच चिकटेल.

खानापूर भागातून जुनं सागवानी कपाट आणलं, रंग दिला. उन्हाळ्यात दाराच्या फळ्यांच्या कडेला न रंगलेल्या रेघा दिसू लागल्या, एका फळीला उभी चीर गेली. लांबी (पुट्टी) भरू का? (वाचक, अथणी)

कडेला भरू नका. दाराची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, कारण लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. घाटाकडच्या ओल्या हवेतून अथणीच्या कोरड्या हवेत आलेली फूटभर रुंद सागवानी फळी दोन-तीन मिलिमीटर सहज आकसते. त्या रेघा म्हणजे खाचेत लपलेला भाग. तिथे लांबी भरलीत तर पावसाळ्यात फुगलेल्या फळीला जागा उरणार नाही, लांबी उखडेल किंवा चौकटीचे सांधे सुटतील.

चीर गेली ती बहुधा रंगामुळेच. जाड रंग खाचेत उतरून फळी चौकटीला चिकटली, आकसायला वाव मिळाला नाही, म्हणून ती मधोमध फाटली. फळीभोवती ब्लेड फिरवून रंगाचा सांधा कापा. चिरेत सागवानाचीच बारीक पट्टी फेव्हिकॉल लावून बसवा, वाळल्यावर रंध्याने सपाट करा. एप्रिलमध्ये, वळीव सुरू होण्याआधी, फळी पुरती आकसलेली असताना बारीक ब्रशने त्या रेघा रंगवून घ्या.

टेबलावर फार जुना हिरवा ऑइलपेंट आहे. घासूनच काढायचा ना? (वाचक, चिकोडी)

कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. रंग घट्ट असेल तर काढूच नका. वॉटरपेपर ओला करून नुसती चकाकी घालवा, पुसा, वर नवा रंग द्या. सुटत असेल तर पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच पत्र्याने खरवडा.

वेताच्या आरामखुर्चीखाली रोज पिठासारखा भुगा पडतो. वरून रंग दिला तर थांबेल का? (वाचक, येळ्ळूर)

थांबणार नाही. अळी आत आहे, तिचा भुंगेरा झाला की तो रंग भोकसून बाहेर येईल. सागवानाचा गाभा अळीला सहसा मानवत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड ती आवडीने खाते. बहुतेक भोकं तिथेच सापडतील. रंगाच्या दुकानात लाकडाच्या किडीवरचं तेलातलं औषध मिळतं. हातमोजे घालून, उघड्यावर, सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा. वेतावर सांडू देऊ नका. खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि पुन्हा एकदा औषध द्या. मग भोकं मेणाने बुजवा.

भुंगेऱ्याची मादी अंडी घालते ती उघड्या, रंग-पॉलिश नसलेल्या लाकडाच्या छिद्रांत. म्हणून पायांचे तळ, बैठकीखालची बाजू, हातांच्या खालचा भाग, जिथे कुणी ब्रश फिरवत नाही, तिथेही एक हात द्या. खुर्चीखाली काळा कागद पसरून महिनाभर बघा. त्यावर ताजा, फिकट भुगा दिसला तर तिसऱ्यांदा सिरिंज घ्यावी लागेल.