मोटर बदलू की पिनियन?

प्रश्न: माझ्या १/१० मापाच्या रिमोटवरच्या क्रॉलरला (दगडांवर हळू चढणारी गाडी) ३५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रश्ड मोटर, १४ दात्यांचा पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) आणि ८७ दात्यांचा स्पर (त्याला जोडलेला मोठा गिअर) आहे. बॅटरी ३एस (तीन सेलची). दगडावर गाडी झटका मारून उसळते, मोटर तापून हात लावू देत नाही. ५५ टर्नची घ्यावी का?

उत्तर: आधी पिनियन बदला, मोटर नंतर. ८७ भागिले १४ म्हणजे ६.२. पिनियन ११ दात्यांचा केला की गुणोत्तर ७.९ होते, वेग साधारण २१ टक्क्यांनी उतरतो, चाकावरचा जोर वाढतो आणि मोटर कमी करंट ओढते. तापण्याचे मूळ तिथेच आहे. नवा पिनियन स्परच्याच पिचचा (दात्यांच्या मापाचा) हवा. ३२ आणि ४८ पिचची जोडी दाते खाऊन टाकते. बसवताना दोन्ही गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटरचे स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून काढा. किंचित खेळ राहिला पाहिजे. फार घट्ट बसवले तरीही मोटर तापते, आणि दोष उगाच मोटरला जातो.

तरीही उसळी राहिली तर ५५ टर्न घ्या; जास्त वेढ्यांची मोटर हळू फिरते. मात्र २एसवर ती सपाटीला कंटाळवाणी वाटेल. तुमच्या ३एसवर ठीक चालेल.