भाड्यातून हप्ता फिटेल का?

प्रश्न: भाड्याने देण्यासाठी पहिल्यांदाच घर घेतो आहे. वर्षाचे भाडे किमतीच्या 9.6 टक्के येते असे विकणारा सांगतो. कर्ज 9 टक्क्यांनी मिळते आहे. म्हणजे भाड्यातूनच कर्ज फिटेल ना?

उत्तर: फिटणार नाही. या हिशेबात दोन चुका आहेत आणि दोन्ही तुमच्याच विरुद्ध जातात.

पहिली चूक भाड्याची. घराची किंमत 100 धरा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, रंगरंगोटी आणि सुरुवातीची दुरुस्ती मिळून 8 लागले, तर तुमची गुंतवणूक 108 होते. भाडे महिना 0.8, म्हणजे वर्षाला 9.6. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहते. त्यासाठी वर्षातला एक महिना वजा करा, उरले 8.8. घरपट्टी, विमा, इमारतीचा देखभाल खर्च, किरकोळ दुरुस्ती आणि नवा भाडेकरू शोधण्याची दलाली यांत आणखी 2.2 गेले. हाती राहिले 6.6. याला 108 ने भागले की निव्वळ परतावा 6.1 टक्के निघतो. घरे एकमेकांशी ताडून पाहायची ती याच आकड्यावरून.

नवखे लोक सर्वात जास्त फसतात ते मोठ्या दुरुस्तीत. गच्चीची गळती, जुने पाइप, वायरिंग, लिफ्ट हे खर्च दरवर्षी येत नाहीत, म्हणून कागदावर दिसतच नाहीत. एखादी वस्तू 10 वर्षे टिकते असे धरले, तर तिच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी खर्चात लिहा आणि तेवढे पैसे खरोखर वेगळे ठेवा.

दुसरी चूक कर्जाची. 9 टक्के हे फक्त व्याज झाले. हप्त्यात मुद्दलही असते. 20 वर्षांच्या मुदतीसाठी दर लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे 900 पडतो, म्हणजे वर्षाला कर्जाच्या 10.8 टक्के. त्यातही पहिल्या हप्त्यातले 750 व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम 150 ने कमी होते.

आता या घरावर 50 कर्ज काढून पाहा. स्वतःचे पैसे 58, वर्षाचा हप्ता 5.4, हातात उरतात 1.2. म्हणजे स्वतःच्या पैशांवर रोख परतावा 2 टक्क्यांच्या आसपास. मुद्दल फिटते ती तुमची बचत, हे खरे. पण पहिल्या वर्षी ती 1 सुद्धा भरत नाही. निव्वळ परतावा व्याजदराहून कमी असेल, तर कर्ज जितके वाढवाल तितकी मिळकत घटते. घराची किंमत वाढेल या आशेवर हा खड्डा भरून काढायचा असेल, तर तो निर्णय वेगळा. त्याला भाड्याचे उत्पन्न म्हणू नका.

विकणाऱ्याने सांगितलेले भाडे तसेच धरू नका. सध्याचा भाडेकरार आणि बँकेत जमा झालेल्या नोंदी मागा. भाड्यात फर्निचर किंवा देखभाल खर्च धरला आहे का, ते वाचा. त्याच इमारतीतल्या तीन-चार घरांचे भाडे प्रत्यक्ष किती ठरले, याची चौकशी करा. जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची अपेक्षा.

प्रश्न: मग कर्ज किती घ्यावे?

उत्तर: वर्षाची निव्वळ मिळकत हप्त्याच्या किमान सव्वापट असावी. वरच्या घरात 6.6 ला 1.25 ने भागले की 5.28 येतात. एवढा हप्ता 9 टक्के दराने आणि 20 वर्षांच्या मुदतीत सुमारे 49 कर्जाचा होतो. म्हणजे 50 काठावरच. 75 घेतले तर वर्षाचा हप्ता 8.1 आणि दरवर्षी 1.5 खिशातून भरावे लागतील, तेही सगळे सुरळीत चालले तर.

दुसरी कसोटीही लावा. खर्च 2.2 आणि 50 कर्जाचा हप्ता 5.4 मिळून 7.6 होतात. पूर्ण वर्षाच्या भाड्याशी, म्हणजे 9.6 शी, हे प्रमाण 79 टक्के आहे. याचा अर्थ वर्षातले किमान साडेनऊ महिने भाडे आलेच पाहिजे, नाहीतर तोटा. सलग तीन महिने घर रिकामे पडले की तुम्ही त्या रेषेखाली गेलात. म्हणून सहा महिन्यांचा हप्ता आणि खर्च भागेल एवढी रक्कम खरेदीनंतरही शिल्लक राहायला हवी. भाडेकरूची अनामत रक्कम यात मोजू नका, ती परत द्यायची आहे.

प्रश्न: तरता, म्हणजे मुदतीत बदलत राहणारा, दर घेतला आणि व्याज वाढले तर?

उत्तर: 9 चे 10 टक्के झाले की दर लाखाचा हप्ता 900 वरून 965 होतो. पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते आणि कर्जदाराला काही बदलल्याचे जाणवतच नाही. प्रत्यक्षात सुरुवातीलाच दर असा वाढला, तर 240 महिन्यांचे कर्ज 314 महिन्यांवर जाते. 11 टक्क्यांना तर लाखाचे महिन्याचे व्याजच 917 होते, म्हणजे जुन्या 900 च्या हप्त्यात व्याजही भागत नाही आणि मुद्दल वाढू लागते. त्यामुळे घर निवडतानाच दोन टक्के जास्त दराने हिशेब करून पाहा. दर वाढल्यावर बदलणार काय, हप्ता की मुदत, हे करारात शोधा. मुदतीआधी फेड केल्यास दंड आहे का, तेही पाहा.

प्रश्न: टोकन देऊन टाकले आहे. कर्जाचा अर्ज आता करायचा आहे. काही धोका आहे का?

उत्तर: आहे. कर्ज देणारी संस्था घराचे मूल्यांकन स्वतः करून घेते आणि ठरलेली किंमत व ते मूल्य यांतले जे कमी असेल त्यावर कर्ज मोजते. सौदा 100 चा, मूल्यांकन 92 चे आणि कर्ज 75 टक्के असेल, तर 75 ऐवजी मिळतील 69. उरलेले 6 अचानक तुम्हाला उभे करावे लागतील. कर्ज नाकारले गेले किंवा कमी मिळाले तर टोकन परत मिळेल, हे विकणाऱ्याकडून आजच लेखी घ्या. तो तयार नसेल, तर मूल्यांकन हाती येईपर्यंत पुढची रक्कम देऊ नका. मात्र टोकनच्या पावतीवर मुदत लिहिली असेल तर ती चुकू देऊ नका.