‘आधी वापरणार नाही’ या वचनाचे मोल

प्रश्न : भारत आणि चीन यांनी अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे जाहीर केले आहे. अशा घोषणेमुळे एखादा देश इतरांना खरोखर कमी धोकादायक वाटतो, की हे नुसते कागदी वचन असते?

उत्तर : नुसत्या घोषणेने तसे सहसा वाटत नाही, घोषणेला साजेशी शस्त्रांची मांडणी असेल, तर बऱ्याच अंशी वाटू शकते. सोव्हिएत संघाने 1982 मध्ये संयुक्त राष्ट्रांत हे वचन दिले तेव्हा नाटो या अमेरिकाप्रणीत लष्करी आघाडीतील देशांनी ते फारसे मनावर घेतले नाही, कारण युरोपावर नेम धरलेली सोव्हिएत क्षेपणास्त्रे जागची हललेली नव्हती. पुढे 1993 मध्ये रशियाने ते वचन मागेही घेतले.

चीनने मात्र 16 ऑक्टोबर 1964 रोजी, म्हणजे पहिल्या अणुचाचणीच्या दिवशीच, ही हमी दिली आणि पुढे कित्येक दशके आपला साठा लहान ठेवला. शिवाय वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावर बसवायची अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रांवर न चढवता वेगळी साठवण्याची पद्धत पाळली. ती बाहेर काढून, वाहून नेऊन जोडायला वेळ लागतो आणि ही लगबग प्रतिपक्षाच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. त्यामुळे बेसावध शत्रूवर अचानक घाव घालणे अवघड होते. विश्वास बसतो तो या अडचणीवर. म्हणूनच 2021 मध्ये चीनच्या वाळवंटी भागात खोदलेल्या सायलोंची, म्हणजे क्षेपणास्त्रे डागण्यासाठी सज्ज ठेवता येतील अशा जमिनीतील खोल विहिरींची, उपग्रह छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा वचनातला एकही शब्द बदललेला नसताना शंका वाढल्या.

भारताच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी लागेल. 4 जानेवारी 2003 रोजी जाहीर झालेल्या धोरणात प्रथम वापर नाकारलेला आहे. पण भारतावर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक शस्त्रांनी मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा मार्ग खुला ठेवलेला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पोखरण येथे, भविष्यात काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून राहील, असे सांगितल्यावर पाकिस्तानचा मुळातच नसलेला विश्वास आणखी आटला. पाकिस्तानने स्वतः अधिकृत धोरण म्हणून असे वचन कधीच दिलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे : पारंपरिक सैन्यबळात जो उणा असतो, त्याला पहिल्या वाराची धमकी सोडून देणे परवडत नाही. शीतयुद्धात नाटोचेही हेच गणित होते.

माझ्या मते या वचनाचा खरा उपयोग ते देणाऱ्याच्या घरातच अधिक होतो. आपल्याला आधी वार करायचा नाही असे एकदा ठरले, की अण्वस्त्रे सदैव सज्ज ठेवण्याची किंवा ती वापरण्याचा अधिकार रणांगणावरील अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची निकड उरत नाही. त्याऐवजी पहिला घाव सोसूनही टिकतील अशी शस्त्रे लागतात, आणि अण्वस्त्रे घेऊन समुद्राखाली लपून राहणाऱ्या भारताच्या ‘अरिहंत’सारख्या पाणबुड्यांमागे हाच विचार आहे. संकटकाळात घाईने होणारी चूक टळण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि शत्रूने वचनावर विश्वास ठेवला नाही तरी हा लाभ त्यालाही मिळतो.

मित्रदेशांचे मात्र उलटे असते. अमेरिकेत ओबामा प्रशासनाने 2016 मध्ये अशा घोषणेचा विचार केला होता. परंतु आपल्यावरचे अमेरिकेचे अण्वस्त्रछत्र, म्हणजे तिच्या अण्वस्त्रांच्या धाकाने मिळणारे संरक्षण, विरळ होईल या जपानसारख्या मित्रदेशांच्या चिंतेची त्या चर्चेत दखल घ्यावी लागली आणि घोषणा झालीच नाही.