बॅलेचा पोशाख फॅशनमधून आला की फॅशनने बॅलेचं उचललं? आणि हे शिकायचं तर सुरुवात कोणत्या डिझायनरपासून करावी?

तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. बॅलेच्या पोशाखाचा इतिहास म्हणजे डिझायनरांच्या नावांची यादी, या समजावरून फॅशनवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. मी हे पोशाख बेतते आणि शिवते, तेव्हा उत्तर शिवणाऱ्याच्या बाजूनं मिळेल हे धरून चला.

पहिल्या प्रश्नाचं आधी उरकते. सुरुवातीला बॅलेनं सरळ दरबारातले कपडेच घातले. १६५३ साली 'बॅले द ला न्युई'मध्ये १४ वर्षांचा चौदावा लुई सूर्य होऊन नाचला, तेव्हा नर्तक आणि दरबारी ही वेगळी माणसं नव्हतीच. दरबारी पोशाखावर पिसं आणि जर चढवली की झाला नाचाचा पोशाख. पुढे बायकांच्या घागऱ्याखाली पॅनिएचे, म्हणजे घागरा दोन्ही बाजूंना फुगवणारे, सांगाडे आले, पुरुषांच्या कमरेला तोनले नावाचा ताठ घेर आला. सगळं वजन कमरेवर. १७३० च्या आसपास नर्तकी मारी कामार्गोनं घागरा घोट्याच्या वर नेला, कारण तिचं उडीतलं पायांचं चपळ काम कापडाखाली वाया जात होतं. १७३४ मध्ये दुसरी नर्तकी मारी साले लंडनला पॅनिए काढून टाकून साध्या मलमलीत, मोकळ्या केसांनी नाचली. दोघींनीही फॅशन मोडली ती नाचासाठी. माझा मुद्दा एवढाच आहे: कापड कुठे कमी करायचं हे पाय ठरवतात.

१२ मार्च १८३२ ला पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' हा बॅले झाला आणि नर्तकी मारी ताग्लिओनीचा पांढरा, पोटरीपर्यंतचा, घंटेच्या आकाराचा झगा लोकांच्या डोळ्यांत भरला. श्रेय डिझायनर युजेन लामीला देतात. तंग चोळी आणि फुगीर घागरा ही त्या काळच्या बायकांचीच ठेवण होती, फक्त हलक्या कापडात. पण त्या पांढऱ्या रंगाची अर्धी जादू दिव्यांची होती. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅस आला, आणि गॅसच्या उजेडात पातळ पांढरं कापड धुक्यासारखं दिसतं.

तोच गॅस जिवावरही उठला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत एम्मा लिव्री या नर्तकीचा घागरा दिव्याला लागून पेटला. आठ महिन्यांनी ती गेली, वय अवघं २०. कापड आगीला टिकावं म्हणून द्रावणात बुडवायची कार्तेरॉंची पद्धत तेव्हा होती, पण त्यानं कापड कडक आणि मळकट व्हायचं, म्हणून तिनं ते नाकारलं होतं. प्रदर्शनाच्या माहितीफलकांवर डिझायनरचं नाव ठळक असतं, कापडाला काय लावलं होतं ते कुठेच नसतं. असो.

टुटू, म्हणजे नेटच्या थरांचा आखूड, आडवा पसरणारा घागरा, आला तो इटालियन नर्तकींमुळे. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्कीनं पीटर्सबर्गात लांब घागरा घालायला नकार दिला. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीनं 'स्वान लेक'मध्ये एका पायावर ३२ फुएते, म्हणजे दुसरा पाय चाबकासारखा फिरवत घेतलेल्या गिरक्या, मारले. गुडघ्याखाली कापड असतं तर ते कुणाला मोजता आले असते?

आता टुटू कसा उभा राहतो ते लिहिते, कारण 'नेटचे थर लावले की झालं' हे वाक्य मी फार ऐकलंय.

टुटूचा पाया म्हणजे निकर. कमरेपासून नितंबाच्या उंचवट्यापर्यंत घट्ट बसणारी पट्टी, म्हणजे बास्क, आणि तिच्या खाली निकर. निकरवर साधारण १ सेंमी अंतरानं आडव्या रेघा आखायच्या, दर रेघेवर नेटचा एक थर. मोठ्या माणसाच्या मापाला १२ थर धरा. सगळ्यांत खालचा, मांडीजवळचा थर ५ सेंमी रुंद; दर थराला ३ सेंमी वाढवत गेलं की सगळ्यांत वरचा ३८ सेंमी होतो. १३७ सेंमी पन्ह्याचं नेट असेल तर प्रत्येक थराला चार पन्हे जोडायचे, म्हणजे साडेपाच मीटर लांबीची पट्टी ९० सेंमी घेरावर चुण्या घालून बसते. हिशेब केलात तर १०.३ मीटर येतात. कापाकापीत जातं ते धरून १२ मीटर आणा. मागची शिवण शेवटपर्यंत उघडी ठेवायची, नाहीतर मशीनखाली निकर सपाट पसरत नाही. थर खालून वर लावायचे. वरून सुरुवात केली तर पुढच्या प्रत्येक रेघेला आधीच्या थरांचा डोंगर हातानं मागे धरून ठेवावा लागतो.

बहुतेक टुटू बिघडतात ते तारेत. वरून चौथ्या-पाचव्या थरावर, कडेपासून साधारण ५ सेंमी आत, सुती पट्टीची नळी शिवून त्यात पोलादी पट्टी ओवतात. ती घेरापेक्षा लांब झाली की टुटूला लाटा येतात, आखूड झाली की कडा खाली मान टाकतात. तार ओवून टोकं आधी चिकटपट्टीनं बांधा, टुटू डोळ्यांच्या उंचीवर टांगा, चारी बाजूंनी बघा आणि मगच टोकं पक्की करा.

मग टाचणं. थर एकमेकांना लांब, सैल टाक्यांनी बांधायचे, एका वेळी दोन किंवा तीन. टाक्यात दोनेक सेंमी दोरा मोकळा राहिला पाहिजे. ओढून टाचलंत तर वरच्या थरावर खळ्या पडतात आणि प्रेक्षकांतून त्या स्पष्ट दिसतात. हे काम मशीनवर होत नाही, आणि घाईत तर मुळीच होत नाही.

चोळीचे १० ते १२ तुकडे. मधले उभ्या धाग्यावर, कुशीचे उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर. फासळ्या श्वासाबरोबर फुगतात, तिथे उभ्या धाग्याचं कापड दाद देत नाही. चोळी बास्कला पूर्ण शिवू नका, ठरावीक जागीच टाचा. नाहीतर हात वर गेला की सगळा टुटू वर उचलला जातो. मागे चेन नको, हूक हवेत, तीनेक सेंमी अंतरानं. एक हूक तुटला तर बाकीचे धरून ठेवतात, चेन फाटली की नाच तिथेच संपला. शिवाय हूक अडकवायच्या डोळ्यांच्या दोन रांगा लावल्या की तोच पोशाख दुसऱ्या मुलीलाही होतो. आणि कमरेवर खडे नकोत! जोडीदाराचे हात तिथेच येतात.

हे माहीत असलं की बॅलेचे पोशाख शिवणारी कारिन्स्का का मोठी हे कळतं. नृत्यदिग्दर्शक बालांशीनच्या 'सिंफनी इन सी' या बॅलेत मंचावर बायकांची गर्दी होते, तारेचे टुटू एकमेकांवर आपटले की एका बाजूनं उचलले जातात. १९५० मध्ये तिनं तारच काढली, सहा-सात आखूड थर सैल टाचून मऊ, फुललेला घेर केला. आज तोच 'पावडर पफ' जगभर शिवला जातो. चोळीतले उरेब तुकडे ही तिचीच खासियत. फॅशनच्या वर्गात तिचं नाव क्वचितच ऐकू येतं.

याच्या उलट शानेल. १९२४ च्या 'ल त्रँ ब्ल्यू' या बॅलेसाठी तिनं नर्तकांना तेव्हाचे खरेखुरे लोकरी विणीचे पोहण्याचे कपडे दिले. फॅशन म्हणून अव्वल, पण सैल विणीमुळे जोडीदाराला उचलताना पकड मिळेना. ही तक्रार शानेलच्या कौतुकात कुणी सांगत नाही.

फॅशननं बॅलेचं काय घेतलं, हे विचारलंत. १९१० च्या 'शेहेरज़ाद' या बॅलेतले, रंगमंचाचा डिझायनर बाक्स्टचे भडक रंग आणि सलवारी पॅरिसनं उचलल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसचा फॅशन डिझायनर पॉल प्वारेची 'हजार दोनावी रात्र' पार्टी झाली, जरी आपण बाक्स्टच्या आधीचे असं प्वारे शेवटपर्यंत म्हणत राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चपला-बुटांवर रेशन आलं, नाचाचे बूट त्यातून सुटले, म्हणून डिझायनर क्लेअर मॅकार्डेलनं नाचाचे बूट करणाऱ्या कपेज़िओ कंपनीकडून त्यांनाच रस्त्याचा तळ लावून घेतला. १९५६ मध्ये अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी नाचाचे बूट करणाऱ्या रेपेतोनं केलेला सपाट बूट आपण आजही घालतो. माझ्या मते बॅलेकडून फॅशनला मिळालेली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट हे बूटच.

डिझायनर सगळेच वाईट असं नाही. सँ लोराँनं १९६५ मध्ये नृत्यदिग्दर्शक रोलाँ पेतीच्या 'नोत्र-दाम द पारी' या बॅलेसाठी केलेले ठोकळेबाज रंगांचे कपडे नाचात छान चालतात. डिझायनर लाक्रुआही रंगमंच जाणतो. आणि वरची मापं एका पद्धतीची आहेत. प्रत्येक कार्यशाळेत थरांची संख्या आणि तारेची जागा थोडी वेगळी सापडेल. पुरुषांच्या पोशाखाचं मी काहीच लिहिलं नाही. नर्तक निजिन्स्कीला १९११ मध्ये 'जिझेल' या बॅलेतल्या आखूड पोशाखावरून पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहातून काढलं, तिथून त्याची वेगळीच गोष्ट सुरू होते.

तेव्हा सुरुवात डिझायनरपासून करू नका, स्केचपासूनही नको. संग्रहालयात किंवा नाटकाच्या कपडेपटात टुटू बघायला मिळाला तर आधी आतली बाजू दाखवा म्हणा. मग स्वतः एक शिवा, पण पहिला कारिन्स्काच्या पद्धतीचा, बिनतारेचा, सहा थरांचा; जाळी बरीच कमी लागते. घागऱ्याखाली लावायला 'कॅनकॅन' म्हणून मिळणारी कडक जाळी खालच्या थरांना चालेल, वरच्या दोन-तीन थरांना मऊ नेट घ्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर हूक पितळेचे लावा, पावसाळ्यात लोखंडी हुकांचा गंज चोळीवर उतरतो आणि निघत नाही. टुटू धुऊ नका. घामाच्या जागी आतून पाणी घातलेली व्होडका फवारा आणि वाऱ्यावर वाळवा. ठेवताना उलटा ठेवा, निकर वर.