बेसबॉलमध्ये अंपायरचा निर्णय उलटला तर चालू खेळाचं काय होतं?

तुमचा प्रश्न असा: अंपायरने 'फाउल' (चेंडू रेषेबाहेर) म्हटलं म्हणून सगळे जागच्या जागी थांबले आणि नंतर रिप्लेत चेंडू फेअर (रेषेच्या आत किंवा रेषेवर) निघाला, तर रनरना, म्हणजे धावणाऱ्या खेळाडूंना, कुठल्या बेसवर (मैदानावरच्या टप्प्यावर) उभं करायचं हे कोण ठरवतं आणि कशावरून?

अंपायर ठरवतात, आणि सरळ अंदाजाने ठरवतात. मलाही हे आधी पटलं नव्हतं. 'प्रत्येक रनरला एकेक बेस पुढे' असा काहीतरी ठोकताळा असेल असंच मी बरीच वर्षं धरून चालत होतो. तसा ठोकताळा नाही. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेच्या, नियमपुस्तकातला ८.०२(क) हा नियम सांगतो की निर्णय बदलला तर आधीच्या चुकीच्या निर्णयाचे सगळे परिणाम पुसून टाकायला जे करावं लागेल ते अंपायरनी करावं. बरोबर निर्णय पहिल्यांदाच दिला गेला असता तर रनर जिथे पोचले असते, तिथे त्यांना ठेवावं. म्हणजे जो खेळ झालाच नाही तो मनात खेळून पाहायचा.

क्रिकेट बघणाऱ्याला हे खटकतं, कारण आपल्याकडे नेमकं उलट आहे. डीआरएसमध्ये बाद दिलेला फलंदाज नाबाद ठरला, तरी बोट वर गेलं त्या क्षणी चेंडू मेलेला असतो. त्यानंतरच्या धावा मिळत नाहीत. २०२४च्या टी-२० विश्वचषकात महमुदुल्लाला पायचीत दिलं, चेंडू पॅडला लागून सीमापार गेला, रिव्ह्यूत तो नाबाद ठरला, पण त्या चार लेगबाय धावा बांगलादेशला मिळाल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा तो सामना ते ४ धावांनीच हरले. गंमत म्हणजे सामना झाला न्यूयॉर्कला, आणि मेजर लीगचे रिप्ले तपासणारे अंपायर बसतात तेही न्यूयॉर्कलाच. बेसबॉलच्या हिशोबाने त्या धावा बहुधा दिल्या गेल्या असत्या.

आता तुमचं फाउलचं उदाहरण. पहिल्या बेसवर रनर आहे, बॅटरने डाव्या रेषेवरून चेंडू मारला, तिसऱ्या बेसचा अंपायर हात वर करून 'फाउल' ओरडला. रनर थांबला, आउटफिल्डरही सावकाश चालत चेंडूकडे गेला. रिप्लेत रेषेवरचा खडू उडताना दिसला, म्हणजे चेंडू फेअर. (आउटफिल्डकडचा, म्हणजे बेसवरच्या अंपायरच्या पलीकडे पडलेला चेंडूच तपासता येतो, जवळच्या चेंडूवर फाउल म्हटलं की विषय संपला.) बॅटरला बहुतेक वेळा दुसरा बेस मिळतो. खरा घोळ पहिल्या बेसवरच्या रनरचा. तो तिसऱ्यावर थांबला असता की घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर पोचून धाव पुरी केली असती? त्यासाठी चेंडू किती जोरात कुठे चालला होता, आउटफिल्डर किती लांब होता आणि आउट किती झाले होते, हे सगळं बघावं लागतं. दोन आउट असतील (तिसऱ्याला डाव संपतो) तर रनर चेंडू बॅटला लागताक्षणीच सुटलेला असतो, म्हणून त्याची धाव देण्याकडे कल जास्त. कोणी आउट नसेल तर तो सांभाळून निघतो. तोच फटका, तोच रनर, पण उत्तर वेगळं येऊ शकतं.

झेलाचं प्रकरण त्याहून चिवट. आउटफिल्डरने पुढे झेपावत चेंडू घेतला, अंपायर म्हणाला 'टप्पा पडला', रनर धावत सुटले. रिप्लेत तो स्वच्छ झेल निघाला. बॅटर आउट, हे सोपं. पण रनरनी टॅग अप केलेलं नाही, म्हणजे झेल होईपर्यंत आपापला बेस धरून ठेवलेला नाही. मग तेही आउट? नाही. चुकीच्या निर्णयावर विसंबून टॅग अप राहिलं असेल तर ते धरायचं नाही, असं त्याच नियमात आहे. साधारणपणे ते आपल्या बेसवर परत जातात. मात्र तिसऱ्या बेसवरचा रनर खोल गेलेल्या चेंडूवर टॅग अप करून सहज आला असता असं वाटलं, तर त्याची धाव देता येते.

मला सगळ्यात अवघड वाटतो तो फोर्सचा पेच. फोर्स म्हणजे मागून बॅटर येतोय म्हणून रनरला पुढच्या बेसवर जावंच लागणं; तेव्हा चेंडू घेऊन त्या बेसला पाय लावला की तो आउट, एरवी त्याला चेंडूने शिवावं (टॅग करावं) लागतं. पहिल्या बेसवर रनर, जमिनीवरून आलेला चेंडू पहिल्या बेसमनकडे. तो बेसवर पाय ठेवतो, पण अंपायरला पाय सुटल्यासारखा वाटतो आणि तो बॅटरला 'सेफ' (नाबाद) देतो. चेंडू दुसऱ्या बेसवर जातो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) फक्त बेसला पाय लावतो, कारण फोर्स कायम आहे, रनरला हात लावायची गरज नाही. रिप्लेत पहिल्या बेसमनचा पाय बेसवरच असतो. म्हणजे बॅटर आउट, आणि बॅटर आउट म्हटल्यावर पुढचा फोर्स गेला. रनरला तर कोणी शिवलेलंच नाही! 'आउट' ऐकलं असतं तर शॉर्टस्टॉपने टॅग केलाच असता. पण तो वेळेत झाला असता का? चेंडू रनरच्या कितीतरी आधी आला असेल तर दोन्ही आउट, अगदी बरोबरीने आला असेल तर रनर दुसऱ्या बेसवर. हे कोणा एकावर अन्याय न करता सोडवणं जवळपास अशक्य आहे, असं माझं मत.

म्हणूनच अनुभवी अंपायर काठावरच्या वेळी खेळ जिवंत ठेवतात. रेषेजवळचा संशयास्पद चेंडू फेअर धरून खेळू दिला आणि नंतर फाउल निघाला, तर सगळे मूळ जागी परत, प्रश्न मिटला. उलट दिशेने मात्र कल्पना लढवावी लागते.

निर्णय बदलणं रिप्लेनंतर आलं असंही नाही. २००४च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात अंपायरनी आपसांत बोलून दोन निर्णय फिरवले. बॉस्टनच्या बेलहॉर्नचा डबल (दोन बेसचा) म्हटलेला फटका होम रन (षटकारासारखा, थेट पार गेलेला) ठरला. नंतर यांकीजच्या ॲलेक्स रॉड्रिग्जने पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) ग्लव्हमधला चेंडू हाताने उडवला होता, त्याला आउट दिलं आणि धाव काढून बसलेल्या त्याच्याच संघातल्या डेरेक जीटरला परत पहिल्या बेसवर पाठवलं. पण तिथे अंदाज नव्हता. अडथळा आणला की रनरने मागे जायचं, हे नियमातच ठरलेलं आहे.

कॅमेरा २००८मध्ये फक्त होम रनपुरता आला, २०१४पासून आउट-सेफ, झेल वगैरे बऱ्याच गोष्टींसाठी. तेव्हापासून रिप्लेचा निकाल आणि रनरच्या जागा दोन्ही न्यूयॉर्कहून कळवल्या जातात. मैदानावरचे अंपायर हेडफोन लावून ऐकतात आणि बोटांनी दाखवत रनरना बेस वाटतात.

तेवढ्यात एखादा मॅनेजर बाहेर येताना दिसेल. 'असं का ठरवलं' एवढं विचारायची त्याला मुभा आहे. खुलासा मिळाल्यावर 'माझा रनर घरी पोचला असता' असा वाद घालायची मात्र नाही.